नसीमाला दिलेला 'हो'

नसीमा, शाळेत तुझी शोकसभा झाली. फोटो लावला होता तो चष्म्याशिवायचा, त्यामुळे आत शिरल्यावर क्षणभर मला वाटलं की मी भलत्याच बाईच्या शोकसभेला आले. मुख्याध्यापक बोलले, नेऱ्याच्या जनावरांच्या आश्रयघराचे डॉक्टर बोलले, आणि कुणीतरी एक पाहुणा उठून म्हणाला, 'नसीमाबाईंनी हातवाऱ्यांच्या साहाय्यानं मुक्या जनावराला वाचा दिली.' हातवारे! तू असतीस तर तिथल्या तिथे उभी राहून त्याची खरडपट्टी काढली असतीस. पुढच्या रांगेत शाळेची मुलं दुभाषी मुलीच्या हातांकडे बघत होती. तिनं मात्र 'हातवारे' म्हणायच्या जागी 'भाषा' हीच खूण केली. तेवढं बरं वाटलं.

मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी नाही म्हटलं. माझं 'नाही' आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय, त्यामुळे कुणी आग्रह केला नाही. खरं सांगू का, मला जे बोलायचं आहे ते एकच वाक्य आहे आणि ते त्या सभेतल्या कुणाच्या कामाचं नाही. ते तुला सांगायचं राहिलं. म्हणजे सांगितलं होतं, पण तू ते भलतंच ऐकलंस.

आधीपासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण मला सुरुवातीपासून बोलल्याशिवाय शेवटापर्यंत जाता येत नाही, ही माझी जुनी खोड.

माझे आईवडील दोघंही जन्माचे बहिरे. मी ऐकणारी. तोंडानं बोलायच्या आधी मी हातानं बोलायला लागले, असं आई हातानंच सांगायची. तुमचं घर मोहल्ल्याच्या टोकाला, आमचं समोरच्या बोळात. तुझे ते चार भाऊ घरात दिवसभर कोकलायचे, आणि तू वही घेऊन आमच्याकडे अभ्यासाला यायचीस. म्हणायचीस, तुमच्याकडे किती शांत असतं गं. शांत कसलं डोंबल! आई आणि अण्णा भांडायला लागले की भांडी पडायची, पाय आपटले जायचे. पण तुला ते आवडायचं. माझ्या सख्ख्या चुलतभावंडांना जन्मात जमलं नाही ते तू एका पावसाळ्यात शिकलीस. अण्णांना तुझं फार कौतुक. तुझ्या गालाला खळी पडते म्हणून त्यांनी गालावर बोट टेकवून तुझं नाव ठेवलं. आमच्यात, हातानं बोलणाऱ्यांत, नाव असंच मिळतं, स्वतःचं स्वतः ठेवता येत नाही.

आणि ते बोट! आठवतंय ना? अण्णा भाताच्या गिरणीत कामाला असताना पट्ट्यात हात गेला आणि उजव्या हाताचं पहिलं, अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं. तेव्हापासून जिथे जिथे पहिलं बोट लागतं तिथे ते मधलं बोट वापरायचे. मी आईकडूनही शिकले, म्हणून मला माहीत होतं की हा अण्णांच्या हाताचा नाइलाज आहे. तू शिकलीस फक्त अण्णांकडून. तू चांगलं धडधाकट पहिलं बोट मुडपून घ्यायचीस आणि मधलं बोट पुढे करून बोलायचीस. मोठी होऊन बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका झालीस, तरी तेच. पहिल्याच आठवड्यात वर्गातली मोठी मुलं फिदीफिदी हसायला लागली. मी म्हटलं, "अगं बाई, हे असं बोट लोकांना दाखवत फिरलीस तर मार खाशील! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

शाळेत तू मुकाट्यानं बोट बदललंस. पण माझ्या घरी, अण्णांशी, माझ्याशी, शेवटपर्यंत तेच मुडपलेलं बोट. "काकांची बोली आहे ती," म्हणायचीस. "मी का सोडू?"

बिजलीलाही तू तीच बोली शिकवलीस.

बिजली कुणाच्या तरी फार्महाऊसवर शौकासाठी आणून ठेवलेली चिंपांझी. सरकारनं सोडवली आणि नेऱ्याच्या पुढे, डोंगराखालच्या त्या आश्रयघरात आली. बिजली हे नावही त्या शौकीन माणसानंच ठेवलेलं. तू शाळेची सहल घेऊन तिथे गेलीस. मुलं पिंजऱ्यासमोर आपापसात बोलत होती, आणि गजाआडून बिजलीनं एका मुलीच्या हातासारखा हात केला. बस्स! तू त्या संध्याकाळी आमच्याकडे आलीस ती चप्पल काढायच्या आधीच बोलत सुटलीस. तिला शिकवायचं. मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, "आधी पाणी पी."

दर रविवारी तू नेऱ्याला जायला लागलीस. मोहल्ल्यात तुला 'माकडीणवाली' म्हणायला लागले. लग्न केलं नाहीस त्याला आता सगळ्यांना एक कारण सापडलं. तुला त्याचं काही नव्हतं. तुला एकच हवं होतं: शैलानं, म्हणजे मी, बघावं आणि हो म्हणावं. "बाकीचे ऐकणारे लोक आहेत," म्हणायचीस, "त्यांना तिनं नाक खाजवलं तरी कविता दिसते. तुझी नजर जन्माची आहे. तू हो म्हणालीस तरच मी मानीन."

म्हणून मी यायला लागले. पिंजऱ्याला लागून चाऱ्याची खोली होती. तिच्या भिंतीत जाळीचा झरोका होता, त्यामागे मी स्टूल टाकून बसायची. आवाज करायचा नाही, हलायचं नाही, बिजलीला दिसायचं नाही. तुझा नियम. तू समोर बसून तिच्याशी बोलायचीस, आणि नंतर बाहेर येऊन मला विचारायचीस, "काय दिसलं?" तुझा चेहरा काय असायचा तेव्हा! निकाल लागायच्या दिवशी पोरांचा असतो तसा.

मी सांगायची, "केळं. केळं. मी केळं. दे केळं."

"मग?"

"मग काय? ही मागणी आहे, बोलणं नाही. हात केला की केळं मिळतं एवढं तिला कळलंय. आमचे हे सुद्धा जेवायच्या वेळी एवढंच बोलतात."

"पण त्यांना तू माणूस म्हणतेसच ना?"

हसून हसून आपल्या डोळ्यांत पाणी यायचं. पण परतीच्या वाटेवर, रिक्षात, तू गप्प व्हायचीस. माझ्या लक्षात यायचं. तरी मी शब्द मागे घ्यायची नाही. मी तुला माझ्या अटी सांगून ठेवल्या होत्या: कुणी विचारलेलं नसताना, खाणं समोर नसताना, आणि कुणी बघत नाही असं तिला वाटत असताना ती काही म्हणाली, तर मी मानीन. तू म्हणायचीस, "इतक्या अटी तर निकाहालाही नसतात."

का इतकी अडून बसले, ते तू एकदा स्पष्टच विचारलंस. मी स्पष्टच सांगितलं. अण्णा बाजारात भाव विचारायला हात उचलायचे तेव्हा दुकानदारांची पोरं त्यांच्यामागे माकडासारखी नाचून दाखवायची. मी लहान होते, अण्णांचा हात धरून उभी असायची. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं ना गं. आणि आता तू सगळ्या गावाला सांगत सुटलीस की बघा, ही भाषा माकडीणही बोलते! उद्या त्याच पोरांची पोरं काय म्हणतील?

तू शांतपणे म्हणालीस, "मी उलट म्हणते. ही खरी भाषा आहे म्हणून तर तिला इतकी जड जाते. हातवारे असते तर पहिल्याच दिवशी शिकली असती."

 मग मी रागावले. त्यानंतर तो वाद आपण कितीदा उकरून काढला असेल! कधी तू हरायचीस, कधी मी, आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून.

मग तुझ्या पोटात दुखायला लागलं.

तुझ्या भावांतले इक्बालभाई कुवेतहून आले. डॉक्टरांशी बोलून बाहेर आले ते भिंतीला हात टेकूनच. पोटातला कॅन्सर, पसरलेला. तिथेच, दवाखान्याच्या जिन्यात, घरच्यांनी ठरवलं की तुला सांगायचं नाही. अल्सर आहे, आतड्याला सूज आहे, औषधानं बरं होईल. मला बाजूला घेऊन इक्बालभाई म्हणाले, "शैला, तू तिची सगळ्यात जवळची. तुझ्या तोंडावर तिला काही दिसता कामा नये. खुदासाठी." मी मान हलवली. आपल्याकडे असंच करतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळीही असंच केलं होतं. चूक की बरोबर, त्या वेळी विचार करायला फुरसत नव्हती.

तू सारखी विचारायचीस. डॉक्टरांना, नर्सला, अम्मींना. सगळे हसून तेच सांगायचे. मला मात्र तू एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, सुटले. आता कळतंय, माझ्याकडून तरी खोटं ऐकायला लागू नये म्हणून तू मला जपून ठेवलं होतंस.

तू मला फक्त बिजलीचं विचारायचीस. "जाऊन ये ना गं. एकदा बघून ये." म्हणून त्या रविवारी मी एकटीच नेऱ्याला गेले. तिथे काम करणारी काशी मला फाटकातच भेटली. डोंगरावरच्या वाडीतली, तुझ्यामागे बादली घेऊन फिरणारी. म्हणाली, "ताय, ती नीट खात नाय. बाई येत नाय ना. दाराकडं तोंड करून बसलेली असते. आमी हाक मारली तर बघत पन नाय."

पिंजऱ्यासमोर तू नव्हतीस. शिकवणं नव्हतं. तरी मी सवयीनं चाऱ्याच्या खोलीत गेले आणि झरोक्यामागे स्टुलावर बसले. काशी मागे भाजी चिरत होती. बिजली गोणपाटावर बसली होती, हातात काही नव्हतं, समोर खाणं नव्हतं. तू यायचीस त्या दाराकडे ती बघत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मी उठणारच होते.

आणि नसीमा, तिनं पहिलं बोट मुडपलं. मधलं बोट गालावर टेकवलं. मग तळवा वर करून हात दोन्हीकडे हलवला.

नसीमा. कुठे.

 मला वाटलं गाल खाजवला असेल. अगं, मी बहिऱ्यांच्या घरात जन्मले, खाज कुठली आणि खूण कुठली हे मला पाळण्यापासून कळतं. तरी मी मनाला म्हटलं, एकदाच झालंय, थांब. तिनं पुन्हा केलं. तेच बोट, तोच गाल, तोच हात. दाराला विचारत होती. कुणी विचारलं नव्हतं, केळं नव्हतं, तिच्या लेखी तिथे कुणीच नव्हतं. माझ्या सगळ्या अटी तिनं पुऱ्या केल्या. आणि वर अण्णांचा हात होता तो! अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली. नेऱ्याला, गजाआड, ते बोट तसंच होतं. मला हुंदका आला आणि मी तोंडावर पदर दाबला, कारण नियम. आवाज करायचा नाही, तिला दिसायचं नाही.

मी तिला उत्तर दिलं नाही. नियमाप्रमाणे मागच्या मागे उठले आणि बाहेर येऊन मिळेल त्या रिक्षात बसले. मला तुझ्याकडे पोचायचं होतं. पनवेलपर्यंतचा सगळा रस्ता मी एकटीच हसत होते आणि रडत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्याकडे हरून येत होते आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! मनात घोकत होते, आधी तिला पाणी प्यायला लावायचं, मग सांगायचं.

तू उशीला टेकून बसली होतीस. अम्मी नळावर गेल्या होत्या. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "नसीमा, हो."

"काय हो?"

"बिजली बोलली. मी बघितलं. तुझं नाव घेतलं, तू कुठे आहेस विचारलं. समोर काही नव्हतं, कुणी नव्हतं. मी मानते. तू जिंकलीस."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. किती वेळ! मी डोळे पुसत होते, हसत होते, सगळं एकदमच. तुझ्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग तू माझा हात थोपटलास, आपण लहान मुलाचा थोपटतो तसा, आणि म्हणालीस, "बरं झालं गं. बोलली ती." आणखी काही विचारलं नाहीस. कोणतं बोट, किती वेळा, कुणाकडे बघून, काही नाही. तू, जी एका केळ्यावरून मला अर्धा तास उलटसुलट विचारायचीस! म्हणालीस, "अम्मींना बोलाव." मला वाटलं थकलीस. मी अम्मींना बोलावलं आणि आनंदात घरी आले. वेडी मी.

त्यानंतर तू बिजलीचं नाव काढलं नाहीस. आठ दिवसही झाले नाहीत आणि तू गेलीस.

कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून मी अम्मींजवळ बसून राहिले. तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुआला तुमच्याकडे आले तेव्हा अम्मींनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. म्हणाल्या, "शैला, बेटा, तुझे उपकार मी कुठे फेडू? आम्ही सगळे तिच्याशी खोटं बोलत राहिलो. तुझ्यामुळे तिला कळलं."

मी म्हटलं, "माझ्यामुळे काय कळलं, अम्मी?"

"तू त्या दिवशी येऊन गेलीस ना? मला जवळ बसवलं आणि म्हणाली, अम्मी, आज शैलानं हां म्हटलं. शैला कधी कुणाचं मन राखायला हां म्हणत नाही. आज तिला माझी दया आली. म्हणजे माझं काही खरं नाही. आता डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगा." अम्मी रडत होत्या, पण चेहरा हलका होता. "मग मी सांगितलं सगळं. रडली नाही. भावांना बोलावून घेतलं, सगळ्यांना माफ केलं, सगळ्यांची माफी मागितली. कोणाला काय द्यायचं ते सांगितलं. दुआ केली. तयारीनं गेली माझी पोर. तू ते खोटं बोलली नसतीस तर अंधारातच गेली असती. सवाब मिळेल तुला, मोठं पुण्य."

मी काय बोलणार होते? अम्मी, मी खोटं बोलले नव्हते, असं म्हणू? त्यांच्या हातात आता तेवढंच समाधान उरलंय की लेक तयारीनं गेली. ते मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ? मी मान खाली घालून बसले आणि त्यांनी मला दुआ दिली. माझ्या खऱ्याला खोटं समजून दिलेली दुआ.

कधी वाटतं, झालं ते बरंच झालं. आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्याशी जी लबाडी चालवली होती, ती तूच मोडून काढलीस. मला जवळची समजलीस म्हणून माझ्या एका शब्दावरून तुला सगळं वाचता आलं. इतका भरवसा माझ्यावर दुसऱ्या कुणी ठेवला नाही, नवऱ्यानंही नाही, पोरांनीही नाही. त्याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे. आणि कधी इतका संताप येतो तुझा! अगं, विचारायचं होतंस ना एकदा! नेहमीसारखं भांडायचं होतंस! कोणतं बोट, म्हणून विचारलं असतंस तर मी करून दाखवलं असतं, आणि तुला तिथेच कळलं असतं की हे दयेतून सुचणारं नव्हे. इतकी वर्षं ज्याची वाट बघितलीस ते तुझ्या हातात ठेवलं, आणि तू ते निरोप समजून बाजूला ठेवलंस.

काल मी नेऱ्याला गेले. झरोक्यामागे नाही बसले. सरळ गजांसमोर जाऊन बसले. म्हटलं, तिनं प्रश्न विचारला होता, उत्तर द्यायला हवं. पण मरणाची खूण तू तिला कधी शिकवलीच नव्हतीस. म्हणायचीस, ते दुःख आपल्यापाशीच राहू दे. मग मी अण्णांसारखं बोट गालावर टेकवून तुझं नाव घेतलं, आणि पुढे काय म्हणणार? 'नाही' एवढाच शब्द होता माझ्याकडे. नसीमा, नाही. दोनदा म्हटलं. तिनं गजातून हात बाहेर काढला, माझी बोटं हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, हुंगली, सोडून दिली. मग पाठ करून बसली. दाराकडेही बघत नव्हती.

काशी बादली ठेवून माझ्याजवळ आली. "काय बोलली का, ताय?"

"नाही," मी म्हटलं. काल ती खरंच काही बोलली नाही.

पण त्या रविवारी बोलली होती, नसीमा. तुझी शपथ. तू मरणार होतीस म्हणून मी हो म्हटलं नव्हतं गं. मी बघितलं, म्हणून हो म्हटलं.